कुंडघरातल्या दोघी

टेमली हॉल ही जुनी हवेली पाडायला माणसं आली तेव्हा सगळं गाव बघायला गेलं होतं. मीही सायकल कुंपणाला टेकवून उभी राहिले. आधी छपरावरचे शिशाचे पत्रे उतरवले, मग जिने, मग दारं, आणि शेवटी नुसत्या भिंती उरल्या तेव्हा सुरुंग लावले. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या त्या वर्षांत इंग्लंडातल्या आमच्या श्रॉपशर परगण्यात अशा हवेल्या कितीतरी पडल्या. वारस करांनी खचले होते, नोकरमाणसं कारखान्यांत गेली होती, आणि तेवढ्या खोल्यांना ऊब द्यायला कोळसा कुणी आणायचा?

हॉलमध्ये तोवर उरलं होतं कोण, तर मिस सिबिल कॉर्फिल्ड. साठी ओलांडलेल्या, बिनलग्नाच्या, उंच, बगळ्यासारख्या मानेच्या. थोरला भाऊ वारला आणि जमीनजुमला पुतण्याकडे, हंफ्रीकडे गेला. त्याने हॉल विकला. पोरगा वाईट नव्हता. आत्यासाठी लडलो शहरात दोन चांगल्या खोल्या बघतो म्हणाला. मिस सिबिल म्हणाल्या, "मला कुंडघर दे. मी असेपर्यंत. नंतर तुझं तुला."

कुंडघर म्हणजे हॉलच्या बागेच्या पार तळाला, ओढ्याकाठी असलेली दगडी इमारत. दोनशे वर्षांपूर्वी गार पाण्यात बुडी मारली की संधिवातापासून खिन्नतेपर्यंत सगळं बरं होतं असं डॉक्टर सांगायचे. तेव्हा कुणा कॉर्फिल्डने ती बांधली. तळघरात गुहेसारखी कमान, तिच्याखाली दगडी पायऱ्यांचं कुंड, आणि टेकडीतल्या झऱ्याचं पाणी त्यात अखंड पडत असायचं. वर एक अष्टकोनी खोली. बुडी मारून आलेल्या पुरुषांनी तिथे शेकोटीपाशी बसून काहीतरी कडक प्यायचं. त्या खोलीच्या भिंतींवर घराण्यातल्या बायकांनी कित्येक हिवाळे बसून शंखशिंपले चिकटवले होते. शिंपल्यांची फुलं, शिंपल्यांचे हार, छतापर्यंत. बघायला फार सुंदर. राहायला म्हणाल तर मोरी नाही, नळ नाही, आणि उशीचा अभ्रा रोज सकाळी ओलसर.

सगळ्यांना वाटलं होतं, बेडोज आता आपल्या बहिणीकडे जाईल. हेस्टर बेडोज ही मिस सिबिलची खास मोलकरीण. बुटकी, भक्कम, लालबुंद हातांची. पोरवयात हॉलवर आली ती तिथेच राहिली. मला ती पोस्टाच्या दुकानात भेटली तेव्हा मी म्हटलं, "काय हो बेडोज, तुम्ही कशाला त्या ओलीत मरायला जाताय?"

"मग त्यांची पाठीमागची बटणं कोण लावणार? तुम्ही?"

"बटणं पुढे असलेले कपडे मिळतात की."

"मिळतात. पण त्यांना ते कुणी सांगायचं?" असं म्हणून ती पिशवी उचलून चालती झाली.

मी तेव्हा या भागातली फिरती नर्स होते. बाळंतपणं, जखमांच्या पट्ट्या, म्हाताऱ्यांचे पाय. मिस सिबिलच्या पायावर एक जुनी जखम होती, म्हणून माझं कुंडघरात जाणं असायचं. खोलीत मध्ये पडदा टांगला होता. आठ बाजूंपैकी पाच मिस सिबिलच्या, शेकोटीसकट. तीन बेडोजच्या. जेवणाच्या वेळी मिस सिबिल टेबलाशी एकट्या बसायच्या आणि बेडोज पडद्यामागे पेटीवर. एकाच भांड्यातलं मटण दोघी खायच्या. एकदा तर पडद्याखालून मिठाचा सट इकडून तिकडे सरकताना मी पाहिला. त्यांना त्यात विचित्र असं काही दिसतच नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही फारसं दिसलं नाही; हॉलवरची रीत आम्हा सगळ्यांच्या अंगवळणी पडली होती.

पंचावन्न सालच्या जानेवारीत बेडोज बादली भरायला तळघरात उतरली आणि पायरीवरच्या बर्फावरून घसरली. खुब्याचं हाड मोडलं. श्रूझबरीच्या इस्पितळात हाडात खिळा घातला, आणि मार्चमध्ये तिला घरी पाठवलं. सांगितलं की अजून काही आठवडे पाय टेकायचा नाही.

घरी म्हणजे कुंडघरात. मिस सिबिलनी तिचा पलंग शेकोटीपाशी आणवला होता आणि स्वतः पडद्यामागच्या तीन बाजूंत गेल्या होत्या. बेडोज पहिल्या दिवशी आत येताच किंचाळली होती म्हणे, "माझी जागा तिकडे आहे!" रुग्णवाहिकेच्या माणसांनी तिचं ऐकलं नाही.

मी आठवड्यातून तीनदा जायला लागले. दुसऱ्या आठवड्यात मला तिचा रंग आवडला नाही. ओठ फुटले होते. जीभ बघितली तर खरखरीत, कोरडी. हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहिली.

"दिवसाकाठी पाणी किती पिता?"

ती छताकडे बघत म्हणाली, "तहानच लागत नाही हो, नर्सबाई."

मिस सिबिल मागे उभ्या होत्या. "चहा करून देते तो तसाच गार होऊन परत येतो. माझा चहा वाईट असतो हे मला ठाऊक आहे. पण इतका?"

मी त्यांना कोळसा आणायला बाहेर पाठवलं. मग पलंगावर बसले आणि म्हटलं, "बेडोज, मी काही आजची नर्स नाही. काय चाललंय?"

तिने पांघरुणाची कड सरळ केली. मग हलक्या आवाजात म्हणाली, "प्यायलं की जावं लागतं. मला तर उठता येत नाही. मग ते भांडं त्यांनी उचलायचं. खाली न्यायचं, धुवायचं. मिस सिबिलनी! त्यांच्या आईसाहेबांनी मला स्वतः पसंत करून कामावर ठेवलं होतं, नर्सबाई. मेल्यावर त्यांना काय तोंड दाखवू?"

दार वाजलं. मिस सिबिल कोळशाची बादली घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या. किती ऐकलं कोण जाणे. चेहऱ्यावरून वाटलं, सगळं. त्यांनी बादली खाली ठेवली, हात स्कर्टला पुसले.

"माझं भांडं तू किती वर्षं उचललंस, बेडोज?"

"ते माझं कामच होतं."

"त्यापायी मी कधी चहा सोडला?"

"तुमची गोष्ट वेगळी."

"का वेगळी?"

बेडोज त्यांच्याकडे अशी बघायला लागली की जणू त्यांनी सूर्य का उगवतो असं विचारलंय. "तुम्ही मिस सिबिल आहात म्हणून."

मिस सिबिल खिडकीपाशी गेल्या, जरा वेळ बाहेर बघत राहिल्या आणि वळल्या.

"ठीक आहे. बेडोज, मी तुला कामावरून काढून टाकतेय."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. बेडोजचा चेहरा पांढरा पडला. इस्पितळात हाड बसवताना रडली नव्हती ती बाई, आता तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. अंगात पाण्याचा थेंब नसताना ते कुठून आलं देव जाणे.

"माझं काय चुकलं? एक चमचा कधी इकडचा तिकडे झालाय?"

"काही चुकलं नाही."

"मग मला दाखला तरी द्याल ना? चांगल्या वर्तणुकीचा?"

खुब्यात खिळा, पाय उशीवर, आणि बाई दाखला मागतेय! मी दातांखाली ओठ धरला.

"देईन. उत्तम देईन."

"आणि महिनाभराची मुदत?"

"मुदत नाही. आत्ता, या घडीला." मग त्या पलंगापाशी आल्या, पाठ ताठ केली आणि पाद्रीसाहेबांच्या पत्नीशी करायच्या तसा हात पुढे केला. "मिस बेडोज, आपण आलात, फार बरं वाटलं. थोडे दिवस माझ्याकडे पाहुण्या म्हणून राहाल अशी आशा करते. चहा घेणार ना तुम्ही?"

बेडोज त्या हाताकडे बघत राहिली. मग माझ्याकडे बघितलं.

"पाहुणीने नको म्हणणं बरं दिसत नाही," मी म्हटलं.

तिने बोटांची टोकं फक्त त्या हातात दिली. चहा आला. ती दोन कप प्यायली. दुसरा कप संपल्यावर डोळे पुसत म्हणाली, "साखर कमी आहे."

पुढच्या काही आठवड्यांत त्या पाहुणीने यजमानीणबाईंना सळो की पळो केलं. अंडं दगड झालंय. लापशी तळाला लागलीय, वास येतोय. शेगडीत राख साचलीय, हवा कुठून जाणार? चादरीचा कोपरा असा दुमडतात होय? मिस सिबिल "हो मिस बेडोज, बघते मिस बेडोज" म्हणत खोलीभर धावायच्या. हाताला भाजल्याच्या खुणा, केसांत राख. मी जखम बघायला जायची तर त्यांच्या पायाआधी बोटंच बांधावी लागायची. पण बेडोजच्या जिभेवरचा खरखरीतपणा गेला, गालांवर रंग आला. मधला पडदा एक दिवस धुवायला काढला, तो परत कुणी लावलाच नाही.

एके दुपारी मिस सिबिल मला सोडायला ओढ्यापर्यंत आल्या. "नर्स, पहिल्यांदा ते भांडं घेऊन खाली गेले ना, तेव्हा मी इथे, या दगडापाशी ओकले."

"नवख्या पोरींचं असंच होतं. माझंही झालं होतं."

"तुमचं वय काय होतं तेव्हा?"

"अठरा."

"मी त्रेसष्ट वर्षांची आहे," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी माझ्या खाटेखालचं भांडं स्वच्छ असायचं. ते कसं होतं हे माझ्या मनात कधी आलंच नाही. विचार करून सोडून दिलं असतं तर एक वेळ ठीक. आलंच नाही मनात."

मी त्यांच्या बोटांवरची पट्टी जरा घट्ट केली. सायकलवर बसले. वळणावरून मागे बघितलं तर त्या अजून तिथेच, पाण्याकडे बघत होत्या.

जूनपर्यंत बेडोज काठी घेऊन चालायला लागली, पण पाय ओंडक्यासारखा ताठ. वाकेना. श्रूझबरीला कोमट पाण्यात व्यायाम करवतात, तिथे या म्हणून सांगितलं होतं. पण दोन बस बदलून जायचं, आणि बसच्या बाकावर तिला बसताच येईना.

"घरात कुंड आहे," मिस सिबिल म्हणाल्या.

"ते कुंड नाही, वितळलेला बर्फ आहे," मी म्हटलं.

डॉक्टरांना विचारलं तर ते हसले. म्हणाले, उन्हाळा असाच पेटलेला राहिला तर भर दुपारी, कमरेइतक्या पाण्यात, चार मिनिटं, आणि नर्स हजर असेल तर माझी हरकत नाही. त्या वर्षी जुलै खरोखरच पेटला होता. गवत पिवळं पडलं, गाई ओढ्यात उभ्या.

बेडोजच ऐकेना. "दर मे महिन्यात ते कुंड उपसून मी घासलंय. गुडघे फुटेपर्यंत. पण भरल्यावर आम्ही पायाचं बोट बुडवायचं नाही, असा दंडक होता. पाणी साहेबलोकांचं."

"मीही कधी बुडवलं नाही," मिस सिबिल म्हणाल्या.

"तुम्ही?"

"मुलींना परवानगी नव्हती. भाऊ खाली ओरडायचे, उड्या मारायचे, आणि मी इथे वर बसून शिंपले मोजायची."

बेडोजला हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं एका घरात काढून माहीत नव्हतं. ती म्हणाली, "मग आधी तुम्ही उतरा."

तर जुलैतल्या एका दुपारी आम्ही तिघी तळघरात. मिस सिबिलनी भावाचा जुना सदरा घातला होता, गुडघ्यापर्यंत येणारा. त्या एकेक पायरी उतरत कमरेपर्यंत गेल्या. तोंडातून आवाज नाही, पण चेहऱ्याचा रंग पार उडाला.

"कसं आहे?" बेडोजने वरून विचारलं.

"छा... छान आहे."

"खोटं बोलताय. दात वाजतायत तुमचे. इथवर ऐकू येतंय."

मग ती उतरली. एका बाजूने काठावरून मी धरलेलं, समोरून मिस सिबिल हात पुढे करून. फ्लॅनेलच्या परकरात हवा शिरली आणि तो पाण्यावर भल्यामोठ्या अळंबीसारखा फुगला. मी म्हटलं, "खाली दाबा तो." ती दाबायला वाकली आणि तिचा चांगला पाय शेवाळावरून सटकला.

"हेस्टर!"

मिस सिबिलनी झेप घेऊन तिला गळ्याशी मिठी मारली, आणि दोघी सपशेल पाण्याखाली. मी बुटांसकट आत उतरले. पण मी पोचेपर्यंत दोघी वर आल्या होत्या, एकमेकींना घट्ट धरून, केसांतून पाणी निथळतंय.

"सोड!" बेडोज धापा टाकत ओरडली. "अगं सोड मला! मान आवळतेस काय माझी!"

कमानीखाली ते शब्द घुमले, परत परत ऐकू आले. बेडोजने तोंडावर हात ठेवला. आपण काय बोलून गेलो हे तिला घुमलेल्या आवाजावरून कळलं असावं.

मिस सिबिल तिच्याकडे बघत होत्या. आणि मग त्या हसायला लागल्या. त्या बाईंना मी कितीतरी वर्षं ओळखत होते, पण असं हसू ऐकलं नव्हतं. पोट धरून, हुंदके दिल्यासारखं, थांबताच येईना. बेडोज आधी चिडली. "हसायला काय झालं? जीव जात होता माझा." मग तिलाही हसू आवरेना. मी गुडघाभर पाण्यात, बुटांत पाणी भरलेलं, ओरडतेय, "चार मिनिटं झाली! बाहेर या दोघी!" कोण ऐकतंय?

वर आल्यावर, कांबळी गुंडाळून शेकोटीपाशी बसल्यावर, बेडोज पुन्हा 'तुम्ही'वर आली. "तुमचे केस पुसा आधी, छातीत सर्दी भरेल." मिस सिबिल मात्र 'हेस्टर'वरून मागे हटल्या नाहीत. 'मिस बेडोज' त्या दुपारी पाण्यातच राहिल्या.

सप्टेंबरपर्यंत त्या रोज उतरत होत्या. पाय वाकायला लागला. पूर्ण नाही, पण बसमध्ये बसण्याइतका, जिना चढण्याइतका. मग आळीपाळीने स्वयंपाक सुरू झाला. गुरुवारी मिस सिबिलची पाळी, म्हणून मी गुरुवारी जेवायचं आमंत्रण टाळायची. भांडणं तर रोजची. खिडकी उघडी ठेवायची की बंद, रेडिओ मोठा का लहान, कोळसा कुणी जास्त घातला. आत शिरावं तर दोघी टेबलाच्या दोन टोकांना फुरंगटून बसलेल्या आणि प्रत्येकीला दुसरीची तक्रार मला सांगायची असायची.

मी सांगत होते की ही ओल तुम्हा दोघींना मारेल. हंफ्रीही दर नाताळात येऊन लडलोच्या खोल्यांचं तुणतुणं वाजवायचा. मिस सिबिल त्याला केकचा तुकडा द्यायच्या आणि विषय बदलायच्या. शेवटी एकसष्टच्या फेब्रुवारीत त्यांच्या छातीने दगा दिला. इस्पितळात जायला तयार नव्हत्या. शेवटचे दिवस हेस्टरच सगळं करत होती. मी आत गेले तेव्हा ती चमच्याने पाणी पाजत होती आणि मिस सिबिल तोंड मिटून घेत होत्या.

"प्या मुकाट्याने," हेस्टर म्हणाली. "पुन्हा कामावरून काढायचं असलं तर काढा. आधी प्या."

मिस सिबिलनी पाणी घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या गेल्या.

चर्चमध्ये हंफ्रीने हेस्टरला कॉर्फिल्डांच्या पुढच्या बाकावर बसायला बोलावलं. सगळं गाव बघत होतं. ती गेली आणि त्याच्या शेजारी बसली, टोपी सरळ केली. तिच्या चेहऱ्यावर ना संकोच ना मोठेपणा. नंतर दारात तो तिला म्हणाला, "कुंडघरात तुम्हाला हवं तितकी वर्षं राहा. आत्याला तेच आवडलं असतं." मनापासून म्हणाला तो.

हेस्टर वसंत ऋतूभर राहिली. मी जायची. जखमा नव्हत्या, औषध नव्हतं, तरी जायची. घर लखलखीत ठेवलं होतं, पण ती कधी या खुर्चीत, कधी त्या पेटीवर.

"आठ बाजू आहेत हो, नर्सबाई," एकदा म्हणाली. "एकटी मी कुठे कुठे बसू?"

"मग चर्चच्या मागच्या, एकट्या म्हाताऱ्यांसाठीच्या धर्मशाळेत खोली रिकामी झालीय. विचारू का?"

तिने शेगडीवरची किटली उतरवली, झाकण बसवलं. "तिथे शेजारी कोण आहे?"

"मिसेस ग्रिफिथ्स. बहिऱ्या आहेत, आणि फार भांडतात."

"विचारा," हेस्टर म्हणाली.

नंतर काही वर्षांनी जुन्या इमारती जपणारी एक मंडळी कुंडघरात आली. त्यांनी मऊ ब्रशांनी शेगडीची काजळी शिंपल्यांवरून पुसून काढली. आता रविवारी लोक बघायला जातात. मीही एकदा जाऊन आले. शिंपले इतके गुलाबी होते हे मला कधी कळलंच नव्हतं.

हेस्टरने जागा बदलली तो त्याच एकसष्टच्या मेचा एक शुक्रवार होता. हंफ्रीने गाडी पाठवली होती. सामान म्हणजे दोन पेट्या, तिचा पलंग, आणि मिस सिबिलचा तो कुंडात उतरायचा लांब सदरा. तो तिने हंफ्रीकडून मागून घेतला होता. किल्ली तिने ड्रायव्हरच्या हातात दिली, पावती मागावी तशा चेहऱ्याने. मी तिच्या शेजारी मागच्या सीटवर बसले. बागेच्या फाटकातून बाहेर पडेपर्यंत ती सरळ समोर बघत होती, हात मांडीवर. मला वाटलं, आता रडेल. रुमालही काढून ठेवला होता मी.

गावात शिरताना तिने पुढे वाकून ड्रायव्हरच्या खांद्यावर टकटक केलं.

"खाटकाच्या दुकानापाशी जरा थांब रे बाबा. शुक्रवारी त्याच्याकडे चांगले गुर्दे येतात. आणि नर्सबाई, तुम्ही जेवायलाच थांबा. त्या मिसेस ग्रिफिथ्सनाही बोलावू. बघू तरी, किती भांडतात ते."